सीडींसाठी कपाट घेताय? काचेचं शोकेस नको, ड्रॉवर घ्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मुंबईतल्या वाचनालयांकडे सध्या पिशव्या भरभरून सीडी येतायत, आणि त्याचं कारण संगीताचं प्रेम नाही तर रीडेव्हलपमेंट आहे. बिल्डिंग पाडायला गेली की घरातली माणसं तीन-चार वर्षांसाठी भाड्याच्या वन बीएचकेमध्ये जातात, तिथे जागा नसते, कॅसेट कधीच भंगारात गेलेल्या असतात पण सीडी टाकवत नाहीत, कारण त्यात नाट्यसंगीत असतं, अभंग असतात, वडिलांनी महिन्याच्या पगारातून एकेक करत जमवलेलं शास्त्रीय असतं. मग कोणीतरी म्हणतं वाचनालयाला देऊन टाकू. आणि वाचनालयं फुकट मिळतंय म्हणून घेतात, खोक्यात भरून टेबलाखाली सारतात, आणि वर्षभराने वार्षिक सभेत एखादा सभासद उठून विचारतो की त्या सीडींचं काय केलंत. तेव्हा कुठे कपाटाचा विषय निघतो.

मी कॉलेजमध्ये ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे, आणि ओळखीतली दोन-चार वाचनालयं असल्या बाबतीत मला विचारतात. माझा अनुभव असा की कार्यकारिणी तीन कोटेशन मागवते आणि त्यातलं दिसायला सगळ्यात छान असेल ते घेते. सीडीचं माप कोणीच घेत नाही. पैसे मुळात कमी असतात, सरकारी अनुदान वाचनालयाच्या दर्जाप्रमाणे ब वर्गाचं असो की क वर्गाचं, ते पगार आणि पुस्तकांतच संपतं, आणि फर्निचर एकदा घेतलं की वीस वर्षं बदललं जात नाही. म्हणून हे पत्र. एकेका समितीला सांगत बसण्यापेक्षा तुमच्या पेपरातून एकदमच सांगितलेलं बरं.

आधी तो नेहमीचा प्रश्न निकालात काढते, की आता सीडी ऐकतं कोण, सगळं मोबाईलवर आहे. सगळं नाहीये हो. सिनेमाची गाणी आहेत, गाजलेले अल्बम आहेत. पण तुमच्या वाचनालयाच्या स्वतःच्या व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग, शेजारच्या मंडळाच्या गणेशोत्सवातली एखादी मैफल, गावातल्या जुन्या कीर्तनकारांचं कोणीतरी हौसेने केलेलं रेकॉर्डिंग, हे कुठल्याही ॲपवर नाही आणि कोणी टाकणारही नाही. दृष्टिहीन वाचकांसाठीची डेझी पद्धतीची बोलकी पुस्तकं बरीच वर्षं सीडीवरच दिली जायची, एका सीडीत अख्खं पुस्तक बसायचं, त्यातली कितीतरी अजून चालू आहेत. भाषा शिकायच्या आणि कॉम्प्युटरच्या पुस्तकांना मागे चिकटवलेल्या सीडी आहेत त्या वेगळ्याच. तर ठेवण्यासारखं आहे. पण आलेलं सगळं ठेवण्यासारखं नाही हेही तितकंच खरं, स्टेशनबाहेर मिळणाऱ्या दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी, कुठल्यातरी मासिकाबरोबर फुकट आलेली सॉफ्टवेअरं, तीच आरती पाच जणांनी दिलेली, हे सगळं आधी काढून टाका. पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे नको ती नोंदीतून काढून टाकणं, आपण करतोच ना, तसंच सीडींचंही करायचं. ते झाल्यावर जे उरेल ते मोजा आणि मग कपाट बघायला जा. बहुतेक ठिकाणी आकडा अर्ध्यावर येतो असं मी बघितलंय.

आता माप. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिचा व्यास १२० मिलिमीटर आहे आणि तिच्या नेहमीच्या कडक पारदर्शक डबीचं माप साधारण १४२ बाय १२५, जाडी १० मिलिमीटरच्या किंचित वर. डीव्हीडीची डबी उंच असते, १९० बाय १३५ आणि जाडी १४. हे आकडे पाठ करायची गरज नाही पण कोटेशन मागवताना कागदावर लिहून द्या, कारण फर्निचरवाला पुस्तकाचंच रॅक दाखवणार. पुस्तकाच्या रॅकमध्ये दोन फळ्यांत बारा-तेरा इंच अंतर असतं आणि खोली नऊ-दहा इंच, सीडीला लागते उंची सहा इंच आणि खोलीही तेवढीच. म्हणजे वर अर्धी जागा फुकट, मागे तीन-चार इंच फुकट, आणि मग त्या मागच्या जागेत कोणीतरी दुसरी रांग लावतं की ती मागची रांग कायमची गेली. मुंबईत जागेचा भाव काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

सगळ्यात लोकप्रिय चीज म्हणजे काचेचं शोकेस. दरवाजाला सरकत्या काचा, आत ट्यूबलाइट, वर पितळी पट्टी आणि त्यावर कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. देणगीदाराला ते आवडतं कारण ते दिसतं, आणि देणगीदाराला दुखवून वाचनालय चालत नाही हे मलाही कळतं. पण त्यात सीडी उभ्या लावल्या की फक्त कडा दिसते, कडेवरची अक्षरं मुंगीएवढी, आपले निम्मे सभासद साठीच्या पुढचे. खालच्या दोन फळ्या वाचायला मांडी घालून बसावं लागतं. चावी ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेलेले असतात. आणि शोकेस हॉलच्या दर्शनी भागात म्हणजे बहुधा खिडकीसमोर ठेवतात, दुपारचं ऊन थेट काचेवर. छापील म्हणजे कंपनीत तयार झालेल्या सीडीला उन्हाचा त्रास त्यामानाने कमी, पण घरी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते आणि तो रंग प्रकाशाने उडतो. म्हणजे ज्या सीडी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत नेमक्या त्याच आपण काचेत उन्हाला लावून ठेवतो. देणगीदाराच्या नावाचं म्हणाल तर माझा उपाय सोपा आहे, प्रत्येक ड्रॉवरच्या तोंडावर एक छोटी पट्टी बसते, सहा ड्रॉवर असले तर एकाऐवजी सहा देणगीदार मिळतात.

दुसरा प्रकार खाचांचा. लाकडी किंवा प्लास्टिकचं रॅक, प्रत्येक सीडीला एकेक खाच. घरात पन्नास सीडी असतील तर झकास आहे, वाचनालयात मात्र वैताग. एक तर खाच एकाच जाडीची, त्यात दोन सीडींची जाड डबी जात नाही, पुठ्ठ्याचं कव्हर असलेली सीडी एकतर अडकते नाहीतर सैल पडते, डीव्हीडीचा तर प्रश्नच नाही. आणि मोठा त्रास पुढे आहे. नवीन सीडी आली आणि ती शास्त्रीय गायनात सतराव्या जागी बसायला हवी, तर अठरावी एकोणिसावी विसावी करत शेवटपर्यंतची प्रत्येक सीडी हाताने उचलून पुढच्या खाचेत ढकला. पुस्तकांच्या फळीवर हाताने रेटलं की रांग सरकते, इथे नाही सरकत. कर्मचारी दोनदा करतील, तिसऱ्यांदा शेवटच्या रिकाम्या खाचेत खुपसून मोकळे होतील, त्यांना दोष देऊ नका, मी पण तेच केलं असतं. वर्षभरात क्रम गेला समजा. तेव्हा खाचांचं काहीही, कितीही स्वस्त मिळालं तरी, नको.

फिरता स्टँड बालविभागात नवीन आलेल्या शंभरेक सीडी दाखवायला चालेल, बाकी नाही. मुलं तो फिरवतात, फिरवायलाच असतो तो.

मग घ्यायचं काय? ड्रॉवर. ज्यांनी म्युझिकच्या दुकानात उभं राहून दोन बोटांनी सीडी पुढे ओढत चाळल्यात त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल, काळ्या घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं आणि मुंबईतली ती सवयच गेली. चाळताना सीडीचं पूर्ण तोंड दिसतं, कलाकाराचा फोटो दिसतो, मोठी अक्षरं दिसतात, चष्मा शोधावा लागत नाही. ड्रॉवरमध्ये नेमकं तेच करायचं, सीडी तोंड पुढे करून उभ्या, एकामागे एक, तीन रांगा. पुस्तकं शोधायला असायची त्या आपल्या जुन्या तालिका कार्डांच्या कपाटाचाच हा मोठा भाऊ. ती कार्डांची कपाटं बऱ्याच वाचनालयांनी कॉम्प्युटर आल्यावर भंगारात काढली, कुठे उरली असतील तर बघून घ्या, पण त्यात सीडी बसत नाही, कार्ड पाच बाय तीन इंचाचं होतं.

हिशोब करून दाखवते. तीन रांगांना १४२ गुणिले तीन म्हणजे ४२६, दोन मधल्या पट्ट्या आणि बोटं घालायला थोडी थोडी जागा धरून ड्रॉवरची आतली रुंदी ४५० ते ४६० मिलिमीटर. आतली उंची १४५ ते १५०. आतली खोली ६०० ठेवली तर एका रांगेत ठासून सत्तावन्न सीडी बसतात, पण ठासायच्या नाहीत, चाळायला सीडी मागेपुढे झुकली पाहिजे, म्हणून पंचेचाळीसच धरा. एका ड्रॉवरमध्ये १३५, सहा ड्रॉवरमध्ये ८०० च्या वर. बाहेरून हे कपाट २० इंच रुंद आणि दोन फुटांच्या जरा वर खोल होतं. एवढ्या जागेत आठशे सीडी इतर कुठल्याच प्रकारात इतक्या आरामात हाताला लागत नाहीत. डीव्हीडी असतील तर सगळ्यात खालचा एक ड्रॉवर मुद्दाम उंच करून घ्या, आतून निदान २१० मिलिमीटर, सगळे उंच केले तर जागा वाया.

आणि सहाच का, दहा का नाहीत? कारण ड्रॉवरमध्ये वरून बघावं लागतं. साडेतीन-चार फुटांच्या वर ड्रॉवर गेला की बुटक्या माणसाला आत काय आहे ते दिसतच नाही, नुसता हात घालून चाचपडायचं. फॅब्रिकेटर, म्हणजे कपाट बनवून देणारा, म्हणेल मॅडम वर अजून चार टाकू, तेवढ्याच जागेत होतील. नको म्हणा. वरचा भाग सपाट ठेवा, तिथे परत आलेल्या सीडींचा ट्रे राहील.

वजन लोकांच्या लक्षात येत नाही. डबी आणि आतलं पुस्तक धरून एक सीडी सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे भरलेला ड्रॉवर चौदा किलो, ठासलात तर सतरा. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरला लावतात ती साधी रोलरची पट्टी यात वर्षभरात वाकते. बॉलबेअरिंगची टेलिस्कोपिक चॅनल मागा, पस्तीस ते पंचेचाळीस किलोची, आणि ड्रॉवर पूर्ण बाहेर येणारी, नाहीतर मागच्या दहा-बारा सीडी कायम अंधारात. अजून एक गोष्ट जी कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही पण फार महत्त्वाची, एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल असं इंटरलॉक. एखाद्या मुलाने वरचे तीन ड्रॉवर एकदम ओढले तर चाळीस किलो पुढे येतं आणि कपाट अंगावर कलंडतं. इंटरलॉक महाग वाटलं तर निदान मागून भिंतीला अँकर बोल्टने पक्कं करा, ते तर केलंच पाहिजे.

खाली पाय किंवा चौथरा हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तळमजल्यावर काय काय भिजलं ते ज्यांनी बघितलं त्यांना समजावावं लागत नाही. तेवढा पाऊस रोज पडत नाही पण पावसाळ्यात वीतभर पाणी घुसणं हे कुर्ल्या-दादर-हिंदमाताच्या बाजूला नवल नाही. सहा इंचांचा चौथरा घ्याच, आणि तळमजल्यावर पाणी शिरायचा इतिहास असेल तर फूटभराचा घेऊन एक ड्रॉवर कमी करा.

लाकूड की लोखंड, यावर समितीत हमखास भांडण होतं. चांगल्या सागवानाला माझा विरोध नाही पण आज सागवान कोण देणार, येतो तो प्लाय, आणि स्वस्तात बसवायचं तर भुशाचा बोर्ड नाहीतर एमडीएफ. भुशाचा बोर्ड मुंबईच्या पावसाळ्यात फुगतो, एकदा फुगला की ड्रॉवर घासतो, ओढताना झटका बसतो आणि आतल्या सगळ्या सीडी पालथ्या. शिवाय त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइडची वाफ बराच काळ निघत राहते, बंद ड्रॉवरमध्ये ती साठते, आणि जपून ठेवायच्या वस्तूंजवळ ती नकोच असते. वाळवीचं तर बोलायलाच नको. म्हणून माझं मत पावडर कोटिंग केलेलं, म्हणजे पावडरचा रंग भट्टीत पक्का केलेलं, स्टील. आपल्याकडे समुद्राची हवा आहे, खारी, तेव्हा नुसता ब्रशने रंग मारलेला पत्रा दोन पावसाळ्यांत कडेला तांबूस व्हायला लागतो, पावडर कोटिंग आतूनसुद्धा झालंय का ते ड्रॉवर बाहेर काढून बोट फिरवून बघा, कारण बाहेरून चकाचक आणि आत कोरा पत्रा हा प्रकार चालतो. पत्र्याच्या कडा आत दुमडलेल्या हव्यात, नाहीतर बोटं कापतात. तयार मिळत नसेल तर ऑफिस फर्निचर बनवणारा कुठलाही चांगला फॅब्रिकेटर फाइल कॅबिनेटच्या धर्तीवर करून देतो, ओशिवऱ्याला विचारा, कुर्ल्याला विचारा, माप हातात असेल तर काम होतं.

आता एक गोष्ट माझ्याच बोलण्याच्या विरुद्ध सांगते. ड्रॉवरला समोर जागा लागते. ड्रॉवर दोन फूट बाहेर येणार आणि त्यापुढे माणूस उभा राहणार, म्हणजे कपाटासमोर साडेतीन-चार फूट मोकळं पाहिजे. आपल्या जुन्या वाचनालयांत दोन रॅकमधून समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला आडवं व्हावं लागतं, तिथे ड्रॉवर लावलात तर भांडणं होतील. अशा ठिकाणी भिंतीला लागून सहा इंच खोलीचं उथळ उघडं रॅक घ्या, फळी सपाट, खाचा अजिबात नकोत, मागे पत्रा आणि पुढे अर्ध्या इंचाची कड. तीन फूट रुंद फळीवर पंच्याऐंशीच्या आसपास सीडी बसतात. फक्त जमिनीपासून दोन फूट ते पाच फूट या पट्ट्यातच लावा, त्याच्या खाली आणि वर कडेवरची अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणजे ड्रॉवरपेक्षा कमी मावतील पण वाट मोकळी राहील.

पहिल्या मजल्यावर वाचनालय असेल, आणि लाकडी जिना असेल, तर ऑर्डरच्या आधी जिन्याच्या वळणाचं माप घ्या. हे ऐकून लोक हसतात. हसू दे. जोडलेलं कपाट वळणावर अडकलं की हमाल वेगळे पैसे मागतात आणि कठड्याला पोचे पडतात, म्हणून सुट्या भागांत येऊन वर जोडता येईल असंच मागवा. भरलेलं कपाट पत्र्यासकट दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकतं, जुन्या लाकडी तक्तपोशीवर ते खोलीच्या मधोमध नको, भिंतीशी ठेवा, आणि दोन कपाटं असतील तर शेजारी-शेजारी न ठेवता लांब ठेवा.

हवेबद्दल. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी सांभाळण्यावर एक मार्गदर्शिका काढली, त्यात तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितलीये. जुलैतल्या मुंबईत हे वाचून हसायला येतं, आपल्याकडे आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. पण म्हणून सोडून द्यायचं असं नाही. बाहेरच्या भिंतीला, जिला पावसाळ्यात ओल येते तिला, कपाट टेकवू नका, आतल्या भिंतीला लावा, दोन बोटं अंतर ठेवा. बाथरूमच्या भिंतीला तर मुळीच नको, हे लिहावं लागतंय कारण रिकामी भिंत बहुतेक तीच असते. एसी असेल तर तो दिवसा लावून रात्री बंद करण्यापेक्षा नसलेला परवडला, थंड झालेल्या पत्र्यावर रात्रीची दमट हवा येऊन पाणी सुटतं. प्रत्येक ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, निळ्या रंगाच्या मिळतात, गुलाबी झाल्या की बदला. आणि डांबरगोळ्या नकोत! पुस्तकांच्या कपाटात टाकायची सवय असते म्हणून शिपाई इथेही टाकतो, पण त्या डब्या पॉलिस्टायरीनच्या असतात आणि डांबरगोळीची वाफ त्या प्लास्टिकला खाते. बुरशी सीडीवर येते का विचाराल तर हो, लेबलावर आणि आतल्या कागदावर सर्रास येते, आणि मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये २००१ साली तर अशी बुरशी सापडली होती जी सीडीचा ॲल्युमिनियमचा थरच फस्त करत होती. ती तिकडची खास केस, घाबरू नका, पण दमट हवेला कमी लेखू नका.

जागा फारच कमी असेल तर डब्या काढून टाकून सीडी आणि तिचा कागद पॉलिप्रोपिलीनच्या पातळ पाकिटात ठेवता येतात, तेवढ्याच ड्रॉवरमध्ये साधारण तिप्पट मावतात. मी हे फक्त आतल्या, म्हणजे सभासदांच्या हाती न जाणाऱ्या संग्रहासाठी सुचवेन. कागदी पाकिटं नकोत, ती ओल धरतात आणि सीडी काढता-घालताना घासतात, आणि झिपवाल्या अल्बममधली पीव्हीसीची पानं उकाड्यात सीडीला चिकटतात. सीडी नेहमी उभीच, आडव्या थप्प्या नाहीत. लोकांना वाटतं चमकती बाजू नाजूक, खरं तर लेबलाची बाजू जास्त नाजूक आहे, तिथे माहितीच्या थरावर फक्त लॅकरचा पातळ लेप असतो, तेव्हा दाखल क्रमांकाचं, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतल्या क्रमांकाचं, स्टिकर डबीवर लावा, सीडीवर नको. चोरीचं भय असेल तर ड्रॉवरमध्ये रिकाम्या डब्या ठेवा आणि सीडी देवघेवीच्या टेबलामागे क्रमांकाने, एवढ्याने काम भागतं. पुस्तकांमागच्या सीडीही तशाच काढून त्याच क्रमांकाने वेगळ्या ठेवा, पुस्तकात राहिल्या तर रॅकमध्ये दाबल्या जाऊन तडकतात.

आणि आता जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. २००० नंतर लॅमिंग्टन रोडवरून पन्नास-पन्नासच्या डब्यात कोऱ्या सीडी आणून आपण सगळ्यांनी कार्यक्रम लिहून ठेवले. त्या सीडींचं आयुष्य कपाटावर फार थोडं अवलंबून आहे, मूळ रंगाचा थर कसला आणि लिहिताना मशीन कसं होतं यावर जास्त. कितीही चांगलं कपाट घेतलंत तरी त्यातल्या काही गेलेल्या असणार, काही पुढच्या दोन-तीन वर्षांत जाणार. म्हणून समितीला माझं कळकळीचं सांगणं, कपाटासाठी जी रक्कम मंजूर झालीये त्यातून आधी दोन यूएसबी सीडी ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क घ्या, कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सगळ्या सीडी आधी कॉपी करा, एक डिस्क वाचनालयात आणि एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. कॉलेजची मुलं सुट्टीत हे काम करतील, चहा-वडापाववर. कॉपी नीट झाली का ते ऐकून बघा, नुसती फाइल आली म्हणजे झालं असं नाही. ते ड्राइव्ह नंतरही उपयोगी पडतात कारण आजच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते, आणि सभासदाने सीडी घरी नेऊन लावायची कशात हा प्रश्न कपाटाच्या बैठकीत कोणी विचारत नाही. एक सीडी प्लेयर आणि हेडफोन असलेलं टेबल कपाटाच्या बाजूला असेल तर ती सीडी निदान ऐकली जाईल. पैसे उरले नाहीत तर कपाट सहाऐवजी चार ड्रॉवरचं घ्या. चालेल.

शेवटी ऑर्डर देताना एक करा, पूर्ण कपाट बनवायच्या आधी फॅब्रिकेटरकडून एकच ड्रॉवर चॅनलसकट सॅम्पल म्हणून मागा, त्यात तुमच्याच सीडी भरा, दोन जाड डब्या आणि चार पुठ्ठ्याच्या मुद्दाम घाला, आणि आठवडाभर देवघेवीच्या टेबलावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्या सभासदांना उघडायला लावा. फॅब्रिकेटर कुरकुर करेल, दोनदा फोन करावा लागेल, पण ॲडव्हान्स द्यायच्या आधी मागितलंत तर देतो.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मुलुंड (पूर्व), मुंबई